चाकावरचं कुंकू

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही. देवालाही नाही — देवापुढे उभा राहिलो तरी मी गिऱ्हाइकापुढे असतो तसाच असतो, चांगला माल तेवढा वर ठेवतो. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. शेजारी बसलाच आहात, तर ऐका.

लालबागेत माझी पिठाची गिरणी आहे. तिथे कुणालाही विचारा, माझं इंजिन पुरात कसं बुडालं ते तो तुम्हाला सांगेल. मीच सांगून सांगून पाठ करून घेतलंय. तांदळाचा भाव पाडायचा असला की मी ती हकिकत काढतो. ‘बाबा रे, एकदा बुडालोय, आता तू तरी बुडवू नकोस.’ समोरचा विरघळतो. सांगताना मला खराच राग येतो, बरं का. आपल्याच खोट्यावर माणसाला इतका राग कसा येतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी मुंबईत आलो तो पाठीवर पोती वाहायला. मग दोन जाती मांडली, दळायला बायका ठेवल्या. आणि मग ऐकलं, की गिरगावात खोताच्या वाडीजवळचा सोडावॉटरचा एक कारखाना मोडतोय आणि त्याचं रॉकेलवर चालणारं इंजिन विकायचं आहे. मालकाचं डोकं दुखेपर्यंत घासाघीस केली आणि घेतलं. श्रावण चालू होता. गणपती आले की आमच्याकडे चाळीत प्रत्येक खोलीत मोदक, आणि मोदकाला तांदळाची पिठी. त्याआधी इंजिन सुरू झालं तर सगळा गाव माझ्याकडे! शेजारचा वाणी हसायचा. ‘रॉकेलवर पीठ? भाकरीला वास आला तर वर काडी लावा, दिवा होईल.’ त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मी सोमवारचा मुहूर्त काढला आणि पहिलं आमंत्रण त्यालाच दिलं.

इंजिन आणायला धाकूची बैलगाडी केली. धाकू मालवणकडचा. गोदीतून कापडगिरण्यांची यंत्रं आणायची म्हटलं की मिस्त्री लोक त्याचंच नाव घेत. म्हणत, धाकूच्या गाडीवर काचेचा हंडा ठेवा, तडा जाणार नाही. त्या नावाचा त्याला किती अभिमान होता! नवं यंत्र उतरवलं की तो त्याला आधी हात जोडायचा, मग घाम पुसायचा.

रविवारी पाऊस थांबेना. चिंचपोकळीच्या अलीकडे सखलात पाणी भरलं होतं. धाकूने गाडी उंचवट्यावर उभी केली. ओहोटी लागली की पाणी उतरेल, तोवर थांबू म्हणाला. मी थांबणारा माणूस आहे का? ‘बैल तुझे आहेत की माझ्या आजीचे? हाक!’ त्याने हाकली. मध्यावर गाडीचं चाक गटारात गेलं, गाडी कलली आणि इंजिन अर्धं पाण्यात. धाकू छातीभर पाण्यात उतरला, खांदा लावला, बैलांना नावं घेऊन घेऊन चुचकारलं आणि गाडी बाहेर काढली. गिऱ्हाइकाला सांगायची माझी हकिकत इथे संपते. ‘धाकूने माझं इंजिन बुडवलं.’ लोक इथेच चुकचुकतात.

पण ती इथे संपली नव्हती.

संध्याकाळी कापडगिरणीतला एक मिस्त्री येऊन इंजिन पाहून गेला. म्हणाला, वरून तरी काही बिघडलेलं दिसत नाही. फक्त आत पाणी शिरलंय, तेव्हा मोठ्या चाकाला हात लावू नका. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही; जोर केलात तर आतलं काहीतरी मोडेल. मी उघडून, पुसून, तेल देऊन जोडतो. दोन दिवस द्या.

दोन दिवस! आणि उद्याचा मुहूर्त? आणि तो वाणी?

सोमवारी उजाडताना मी एकटाच इंजिनापाशी होतो. म्हटलं, थोडं फिरवून तर बघू. चाक अर्धं फिरलं आणि अडलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा अडलं. मला वाटलं, हे लोखंडही मला हसतंय. कोपऱ्यात पहार होती. ती चाकाच्या आऱ्यांत घातली आणि पोती उचलायचो तशी सगळी ताकद लावली. आतून आवाज आला. मोठा नव्हता. ओलं लाकूड पिरगळावं तसा.

मी पहार पुसून जागेवर ठेवली.

नारळ फुटला, वाणी आला, धाकूही अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. मिस्त्री थांबा थांबा म्हणत होता, तरी माझ्या हट्टापायी लोकांपुढे त्याला झाकण काढावं लागलं. आतला दांडा, दट्ट्या पुढेमागे नेतो तो, वाकला होता. मिस्त्रीने विचारलं, “चाक कोणी फिरवलंन?”

एवढाच प्रश्न. मी म्हणालो असतो, मी. काय झालं असतं? वाणी हसला असता. दुसरं काय होणार होतं?

मी म्हणालो, “काल गाडी काढताना धाकूने इंजिनाच्या चाकालाच धरलं होतं.”

सगळे धाकूकडे वळले. मला वाटलं, हा भांडेल. भांडला असता तर मी आवाज चढवला असता — त्यात मला कोण हरवणार? पण तो आठवत राहिला. खरोखर आठवत राहिला. मग म्हणाला, “धरलंय खरा, मालक. खांदो चाकाकच लायलंय. फिरला असात.”

आणि मी त्याला सगळ्यांदेखत माफ केलं. कळलं का तुम्हाला? माफ केलं. लोक म्हणाले, माणूस तापट आहे, पण मन मोठं आहे.

दांडा नवा बसवला, गिरणी चालली, मला बरकत आली. धाकूला मात्र यंत्रं मिळायची बंद झाली. मिस्त्री लोक म्हणू लागले, यंत्राला धाकूचा हात नको. आता तो गवताचे भारे वाहतो. गणपतीच्या आधी माझ्या तांदळाची पोती आणतो आणि त्याचं भाडं घेत नाही. मी कधी मागितलं नाही, पण ‘नको’ असंही म्हटलं नाही. आयुष्यभर घासाघीस केली, पण इतका स्वस्त सौदा माझा कधी जमला नव्हता.

चाकाच्या त्या आऱ्यावर पहारीची खूण आहे. बोटाने चाचपलं तर लागते. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हा त्या आऱ्याला कुंकू मीच लावतो, जाडसर. दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. सगळे म्हणतात, मालकाची श्रद्धा.

यंदाच्या दसऱ्याला धाकू मुलाला घेऊन आला. मुलगा एका कापडगिरणीच्या इंजिनघरात तेल घालायच्या कामाला लागलाय. धाकू म्हणाला, “मालक, तुमच्या तोंडान सांगा ह्याका, माझ्या हातान काय झाला ता. म्हणजे ह्यो सांभाळून ऱ्हवात.”

आम्ही तिघेच होतो. वाणी नव्हता, मिस्त्री नव्हता, लाज वाटावी असं कुणीच नव्हतं.

मी सांगितलं. नेहमीची हकिकत, नेहमीच्या रागाने, आणि पुढे त्याने चाक धरल्याचं आणि मी माफ केल्याचंही. मुलगा बापाकडे बघत नव्हता. धाकू मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, एखादं वाक्य राहून जाऊ नये म्हणून जपत असल्यासारखा.

मग तो पुढे झाला आणि दरवर्षीसारखं त्याने चाकाला कपाळ टेकवलं. नेमकं त्याच आऱ्याला. उठला तेव्हा मी लावलेलं कुंकू त्याच्या कपाळावर होतं, मधोमध, ओलं.

मला हात पुढे करून पुसता आलं असतं. मी त्याच्या हातावर सोनं ठेवलं, आपट्याचं पान. त्याने ते डोक्याला लावलं आणि तसाच गाडीवर चढून निघून गेला.