हर्षलची फ्लॉपी

हर्षल अपघातात गेला आणि ललितरावांनी जुन्या कॉम्प्युटरचं वेड घेतलं. सातपूरचं अख्खं घर भंगाराने भरलं. लोक हसले, हसेनात का! लेकाने शाळेत असताना बनवलेला खेळ एका जुन्या फ्लॉपीत होता आणि ती वाचणारं मशीन कुठेच मिळत नव्हतं.

ऐन खंडेनवमीला, यंत्रं पुजायच्या दिवशी, तसं एक मशीन त्यांच्या हातून सुरू झालं. त्यांनी फ्लॉपी आत सरकवली. खर्रखर्र आवाज झाला. घाबरून बाहेर ओढली, तर काळी चकती कुंकवाने खरवडून निघाली होती.

"कुंकू कोणी लावलं?" ते किंचाळले.

"अहो, मशीनला हातसुद्धा नाही लावला, तुम्ही चिडता म्हणून," सुवर्णाबाई त्यांच्या हातातल्या फ्लॉपीकडे बघत म्हणाल्या. "फक्त आपल्या हर्षलला लावलं."