एकवीस थडगी आणि आमचं मंडळ

ही दगडी थडगी रचायला लोकांना किती पिढ्या लागल्या कोण जाणे. मला किस्से जमवायला एक हिवाळा पुरला. मी टूर कंपनीची जीप चालवतो. दर शुक्रवारी मस्कतच्या मराठी मंडळातले काका-काकू जीपमध्ये भरायचे आणि डोंगराखाली ओळीने उभी असलेली एकवीस थडगी दाखवून आणायचे.

बाबाही मंडळात आहेत. दुसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं. पण मंडळाच्या लेखी अजून मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला आहे! बाबांची तंबी होती, "माझा नंबर लागेल तेव्हा गाडीत मला साहेब म्हणायचं."

*

परांजपे काका बांधकामातले. थडग्यावर टकटक करून म्हणाले, "सिमेंट नाही, प्लास्टर नाही. टिकणार नाही हे."

"काका, चार-पाच हजार वर्षं झाली."

"तेच म्हणतोय. आता पडायला आलंय!"

मस्कतमध्येच अल हैल भागात यांच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये गळक्या छताखाली बादली असते. पिकअपला गेलो तेव्हा बघितली.

*

सावंत काकूंनी विचारलं, "कोणाची समाधी?"

"कोणालाच माहीत नाही."

"असू दे, कोणीतरी असेलच!" म्हणत एका थडग्याला नवस बोलल्या, जावयाला इथे नोकरी लागू दे. लागली! महिन्याभराने नारळ घेऊन हजर.

"अरे, यातलं आपलं कुठलं?"

त्या दिवशी एकवीस ठिकाणी हात जोडले. नारळ मी फोडू दिला नाही, तर मलाच म्हणाल्या, "नास्तिक मेला!"

*

दळवी काका रस्ताभर सुनावत होते. "तुमची पिढी! शिक्षण अर्धवट, नोकरी अर्धवट!"

ढासळलेल्या थडग्यापाशी गाडी थांबवली. "काका, हेपण अर्धवटच आहे. बघायला तीन तास गाडीत बसून आलात."

*

मग बाबांचा नंबर लागला. दळवी आणि परांजपे काका परत आलेच होते. "आत कोणी जायचं नाही," मी बजावलं. ड्रायव्हरचं कोण ऐकतो! बाबा फोटोसाठी त्या बुटक्या दारातून रांगत आत गेले. बाहेर येताना डोकं आलं, खांदे आले, पोट राहिलं.

दळवींनी एक हात ओढला, परांजप्यांनी दुसरा. "वरचा दगड काढू या," परांजपे म्हणाले.

"दगडाला हात लावायचा नाही!" मी ओरडलो.

"सोडा मला!" बाबा किंचाळले. "मन्याला बोलवा!"

"कोण मन्या?"

"तो ड्रायव्हर हो! माझा मुलगा!"

दळवींनी हात सोडला. "पुण्यातला? इंजिनिअर?"

"कसला इंजिनिअर! सोडलं त्याने कॉलेज! मन्या, ये ना रे!"

मी गेलो, समोर उकिडवा बसलो.

"काय म्हणालात, साहेब? दगडात आवाज घुमतो. परत एकदा सांगा."