फोटोतले पट्टे

तापलेल्या वायरचा रबरी वास आला की अंबत्तूरच्या आमच्या घराच्या गच्चीवरची ती दमट रात्र आठवते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या प्रत्येक फोटोत आडवे पट्टे येत होते. केबल बदलली, कॅमेरा बदलला, पट्टे तसेच. मग लक्षात आलं, कॅमेऱ्याची वायर बाबांच्या खोलीतून वर आणली होती आणि त्याच सॉकेटवर त्यांचं ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. सांगितलं तर बाबा म्हणाले, "अरे, मग पाच मिनिटं बंद कर की माझं. काढ तुझा फोटो." मी चिडलोच, "काहीतरीच काय बाबा! राहू देत पट्टे." नाकातली नळी सारखी करत ते हसले. परवा खूप दिवसांनी त्याच सॉकेटवरून वायर वर नेली. फोटोत एकही पट्टा आला नाही.