ताईच्या कॉम्प्युटरमधली चिठ्ठी

बाजारातल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागूनच कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव आहे, पण त्या नावानं त्याला हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. सगळ्यांचा तो कशालाभाऊ. कुणी कॉम्प्युटर काखोटीला मारून आत शिरलं की या नाही, बसा नाही, पहिला प्रश्न, "कशाला लागतो?"

लोक वैतागणारच. "अहो, सिस्टीम टाकून द्या म्हटलं, उलटतपासणी घ्या असं नाही म्हटलं," असं एका वकिलानं सुनावलं होतं. पण हा गडी हटायचा नाही. निवृत्त मास्तरांना पत्रं लिहायची, बुद्धिबळ खेळायचं, मशीन जुनं. मग त्यांना लिनक्स, फुकट आणि हलकं. हिशेबनीसाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय हलत नाही, त्याला विंडोज. चित्रफिती जोडणाऱ्या मुलीला त्यानं तोंडावर सांगितलं, "तुझ्या ऑफिसात सगळे मॅकवर आहेत ना? मग तोच घे, माझ्याकडे चार पैसे नाही आले तरी चालेल." सगळ्यात चांगली सिस्टीम कुठली, असं कुणी विचारलं तर मात्र तो भडकायचा. "चप्पल घेताना आधी पाय बघता ना? तसं आधी काम सांगा!"

आणखी एक खोड होती त्याची. काम झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला तो एक चिठ्ठी डकवायचा. मशीन कुणाचं, काम काय, सिस्टीम कुठली आणि तीच का. पुढच्या वेळी झाकण उघडलं की आधी चिठ्ठी वाचायची, मग आतल्या भागांना हात. तेवीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

चुकला तो घरी.

त्याची थोरली बहीण, ताई, भरतकाम करते. म्हणजे करायची. आई गेल्यावर या भावाला तिनंच लहानाचा मोठा केला, सुईदोऱ्यावर. पुढे तिनं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं. शाळांचे बिल्ले, इस्पितळांची चिन्हं, टोप्यांवरची नावं, सगळं ती पडद्यावर टाक्याटाक्यानं आखायची आणि मशीन ते कापडावर उतरवायचं. एकोणीस वर्षांत आठशेच्या वर नमुने झाले. एकेका नमुन्याला तिनं आठ-आठ दिवस डोळे फोडले होते, आणि डोळ्यांनी त्याचा बदला घेतलाच. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण आहे तेवढी नजर टिकली तरी खूप. बारीक काम विसरा." ताई हसून म्हणाली होती, "नवं नाही आखलं तर नाही. जुने नमुने आहेत की, जन्मभर पुरतील."

ती चार दिवस इस्पितळात होती. तिचा कॉम्प्युटर चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. कशालाभाऊच्या मनात आलं, ताई येईपर्यंत मशीन कसं चकाचक करून ठेवू! घरचंच तर काम, विचारायचं कुणाला? त्यानं झाकण काढलं, भिंतीला टेकवलं, धूळ झटकली. नमुन्यांच्या सगळ्या फायली आधी जपून दुसरीकडे ठेवल्या, एकही सोडली नाही. मग डिस्क पुसली आणि लिनक्स टाकलं. कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला. स्वारी खूश!

ताई घरी आली. पट्टी सुटल्यावर चारच दिवसांत तिनं इस्पितळाच्या तीनशे गणवेशांचं काम काढलं, आणि नमुना उघडेना. भरतकामाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नव्हतं. "थांब, जुनं विंडोज परत टाकतो," कशालाभाऊ म्हणाला. टाकलं. सॉफ्टवेअरही जुन्या सीडीवरून चढलं. मग सॉफ्टवेअरनं परवान्याचा आकडा मागितला. तो आकडा ते बनवणारी कंपनी फोनवर द्यायची, दर वेळी नवा. कंपनी बंद पडून सात वर्षं झाली होती. जुना परवाना डिस्कवर होता, आणि डिस्क त्यानं पुसली होती. नमुने आठशेच्या आठशे शाबूत, पण ते त्या सॉफ्टवेअरशिवाय दुसरं कुणी उघडत नव्हतं आणि मशीनपर्यंत पोचवतही नव्हतं.

तीन आठवडे त्यानं जंग जंग पछाडलं. डिस्कवरून परवाना निघतो का पाहिलं, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन झाले, परदेशातल्या अनोळखी माणसांना पत्रं लिहिली. कुणीतरी म्हणालं, नमुने नव्यानं आखून घ्या. कुणाच्या डोळ्यांनी? गणवेशांचं काम दुसरीकडे गेलं. मग शाळाही गेल्या.

शेवटी हात टेकले आणि तो झाकण लावायला गेला. आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी होती, त्याच्याच अक्षरात. "ताईचं. भरतकाम. जुनं विंडोजच ठेवणे. सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. ताईला विचारल्याशिवाय बदलू नये." खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

त्यानं चिठ्ठी ताईला वाचून दाखवली. रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू कधी कुणाला न विचारता हात लावत नाहीस, म्हणून मी निर्धास्त होते रे."

भरतकामाच्या मशीनवर आता चादर असते. ताई त्याच्याशेजारी बसून चाचपत चाचपत शर्टांना बटणं लावते, कुठल्याशा कारखान्यासाठी. एकदा सुट्टीच्या दिवशी कशालाभाऊनं जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहायला घेतली. 'ताईचं' लिहिलं. पुढे 'काम' लिहिलं आणि पेन अडलं. तेवीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं,

"ताई, कॉम्प्युटर कशाला लागेल तुला?"

ताईनं बटण खाली ठेवलं. खरंच विचार केला.

"आता कशालाच नाही रे," ती म्हणाली.

त्यानं चिठ्ठी तशीच अर्धी डकवली आणि झाकणाचे चारही स्क्रू घट्ट केले.