पाडव्याच्या संध्याकाळची भुतं

सन दोन हजार सोळा. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. त्या साली ऐन दिवाळीच्या पाडव्याच्या दिवशी आमच्या हिंदी मुलखातल्या कॉलोनीत पोट्ट्यांचा भुतांचा विलायती सण निघाला. भुताचे कपडे घालायचे आणि दारोदार टॉफी मागायची. मी कॉलोनीच्या फाटकाशी चार लोकांत सांगून बसलो होतो, "हे आपलं नाही. माझ्या घरची पोट्टी जाणार नाही."

माझी नात सात वर्षांची. तिच्या मायनं पंडरीच्या बाजारातून चमचमता काळा झगा आणून ठेवला होता. पण नेमकी त्या दिवशी मुलाची सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्यूटी लागली आणि सुनेची दवाखान्यात. निघताना सून म्हणाली, "बाबा, सोबत मोठं माणूस असंन तरच तिले जाऊ द्या. नाही तर राहू द्या."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

नात झगा घालून पायरीवर बसली. रस्त्यानं जाणारी पोट्टी पाहत राहिली. पौषात आमच्या इकडच्या छेरछेऱ्याच्या सणाले दारोदार धान मागत पोरं येतात, तेव्हा मी कोणाले रिकामं पाठवत नाही. आणि माझ्याच घरची अशी बसून राहिली होती. मी चहाचा कप खाली ठेवला.

"चाल," मी म्हणालो. "पण हा झगा नाही."

झगा पायात लोळत होता, आणि दिवाळीत दर दारापुढं जमिनीवर पणत्या. तसल्या नायलॉनी कपड्यानं पेट घेतला की तो वितळून अंगाले चिकटते.

"फिर मैं चुडैल कैसे बनूँगी?"

तिच्या मायचा जुना काळा सुती कुर्ता काढला, कमरेला नाडी बांधून घोट्याच्या वर घेतला. झग्यासोबत आलेला मुखवटाही काढायला लावला. त्याच्या भोकांतून तिले पायरी दिसत नव्हती. तोंड काजळानं रंगवलं.

"अब आप, आबा."

"मी काहून?"

"बिना भूत बने कोई नहीं आ सकता. रूल है."

"मी नाही होत भूतबीत."

"तो मैं अकेली जाऊँगी." आणि निघालीच की फाटकाकडे! हा हट्ट तिनं कोणाचा उचलला, ते सांगायला नको. मी खाली बसलो. तिनं माझे दोन्ही डोळे काळे केले.

पहिल्याच दारात शेजारी पोट धरून हसला. "काहो काका, हे आपलं नाही म्हणत होते ना?"

"भूत नसंन आपलं, पोट्टी तर आपली हाय! हसू नको, त्या पणत्या उचलून कठड्यावर ठेव आधी."

त्यानं ठेवल्या. मग मी प्रत्येक फाटकातून आधीच ओरडायचो, "भैया, दिवे वर घ्या, भुतं येऊन राहिली!" लोक हसायचे, पण उचलायचे. बाकीची पोट्टीही आमच्या मागं लागली. एकीचा फ्रॉक लोळत होता, त्याला मी वर गाठ मारली. मोटारसायकल आली की सगळ्यांना भिंतीकडं घ्यायचो. टॉफी मात्र घरी जाऊन, उजेडात पाहूनच उघडायची, हे दोनदा बजावलं.

"हव आबा, हव," नात म्हणाली आणि माझं बोट धरून पुढच्या दारी ओढत घेऊन गेली.

सकाळी भाऊबीज होती. मी अंघोळ करून सरळ हा सण भरवणाऱ्या भैयाच्या दारी गेलो. त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी पोट्ट्यांच्या पुढं मीच चालीन, दुसरा माणूस शोधू नका. आणि काही ठरवायच्या आधी मले विचारत जा.