दुसऱ्या दिवशी या

बाळासो इंगवले सरांच्या शिट्टीची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जरब होती. शाळा सुटून तास झाला तरी ती कानात वाजायची, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात, आणि त्यातले निम्मे आता पोराबाळांचे बाप झालेत. चोवीस वर्षं हा माणूस एका हायस्कुलात पी.टी. शिकवत होता. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघात बॅकला खेळलेला, अंगानं आडदांड, आवाज तर असा की पलीकडच्या गल्लीतली पोरंसुद्धा सरळ उभी राहावीत. त्यांच्या साऱ्या शिकवणीचं सार एका वाक्यात होतं : "दमायला काय झालंय? पाय दमत न्हाईत, मन दमतंय. पळ!"

हे वाक्य त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल याला गणती नाही. पण एक मुलगी त्यांच्या नीट लक्षात राहिली, कारण तिनं उलट उत्तर दिलं होतं.

अवनी तेव्हा नववीत होती. किडकिडीत, अभ्यासात हुशार. एका लांबलेल्या तापातून उठल्यापासून ती पी.टी.च्या तासाला मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसायची आणि घरून चिठ्ठ्या आणायची. सरांना चिठ्ठ्यांचा मनस्वी तिटकारा. एका शनिवारी त्यांनी तिची चिठ्ठी न वाचताच खिशात कोंबली आणि तिला मैदानाला पाच फेऱ्या मारायला सांगितलं.

"सर, आज मी पळेन," ती म्हणाली. "पण उद्या मला उठता येणार नाही."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. "उद्या रविवार हाय. कोण उठवतंय तुला?" म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून मोठ्यानं फेऱ्या मोजत राहिले. पाचही झाल्या. सोमवारी अवनी आली नाही. महिनाभर आली नाही. पुढं तिचे आईवडील तिला घेऊन गावी मुरगूडला गेले, असं कुणीतरी सांगितलं, आणि सर ती गोष्ट विसरले. निदान विसरल्यासारखं वागणं त्यांना सोयीचं होतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. सरांना चार दिवस ताप आला. दवाखान्यात जावं लागलं नाही, ऑक्सिजन लागला नाही, सगळे म्हणाले, नशीबवान. अंगात जरा अशक्तपणा राहिला. आता अशक्तपणावर पेठेतला माणूस काय करतो? पहाटे उठतो, लंगोट कसतो आणि बैठका मारतो. सरांनीही तेच केलं. पहिल्या दिवशी पन्नास मारल्या आणि खूश होऊन धारोष्ण दूध प्याले. दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. चार दिवस पडून काढले, जरा बरं वाटल्याबरोबर पुन्हा बैठका. पुन्हा तेच. दर खेपेला ते एक पायरी खाली उतरत होते आणि दर खेपेला तालमीतला कुणीतरी जुना सोबती येऊन सांगत होता, "सर, सोडू नका. घाम गाळा, आपोआप जातंय." वर्षभरात जिना चढणं बंद झालं, मग शाळा, मग वाचन. रक्ताचे, हृदयाचे, फुप्फुसाचे, सगळे रिपोर्ट चांगले आले. एका डॉक्टरांनी हसून पाठ थोपटली. "शरीर ठणठणीत आहे, सर. मन दमलंय. जरा रमवा त्याला."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कसं लागतं, ते सरांना त्या दिवशी कळलं.

घरी त्यांच्या पत्नीनं, लीलाताईंनी, वेगळीच रीत सुरू केली होती. धडधाकट दिसणारा गडी भरदुपारी लोळतोय, हे पेठेत कुणाला दिसता कामा नये. म्हणून कुणी आलं की त्या सांगायच्या, "सर भायेर गेल्यात." आणि पाहुण्याला खरं वाटावं म्हणून सरांच्या चपला दारातून उचलून न्हाणीत नेऊन ठेवायच्या. सर आतल्या खोलीत पडदे ओढून, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडलेले असायचे आणि आपण बाहेर गेल्याचं ऐकत असायचे. अशी तीन वर्षं गेली.

आजाराचं नाव कळलं ते डॉ. फरहीनकडून. शहरातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारी तरुण बाई. तिच्या आईची अब्बूंनी 'आळशी' म्हणून आयुष्यभर थट्टा केली होती. आई गेल्यावर लेकीनं पुस्तकं उघडली. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. "नावातच थकवा हाय," सर म्हणाले. "म्हणूनच कोण खरं धरत न्हाय. थकवा काय, सगळ्यांनाच येतोय की." फरहीननं जिल्ह्यातल्या अशा माणसांची यादी करायला घेतली होती, त्या शोधातच ती सरांपर्यंत पोचली होती. त्यात शिक्षक होते, गवंडी होते, कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. बहुतेकांना घरच्यांनी लपवलेलं. तिला एक चाचणी करायची होती : रोग्याला सायकलीच्या यंत्रावर बसवायचं, तोंडाला मास्क लावून श्वास मोजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निरोगी माणसाचे, अगदी आळशी माणसाचेसुद्धा, दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. या आजारात दुसऱ्या दिवशी ते कोसळतात, असं बाहेरच्या अभ्यासांत दिसलं होतं. इथं कुणी बघितलंच नव्हतं. चाचणीला पैसे मिळावेत म्हणून तिनं दोन वर्षं अर्ज केले. एका ठिकाणाहून उत्तर आलं की हा आजार आमच्या यादीत नाही. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

"तुमच्या माहितीत असं आणखी कुणी आहे का, सर?" तिनं विचारलं.

सरांनी अवनीचं नाव सांगितलं.

मुरगूडचा नंबर मिळाला. फोन अवनीच्या आईनं उचलला. कोण बोलतंय ते कळल्यावर तिनं आधी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ती बोलत न्हाय, सर. आवाज सोसत न्हाय तिला. आठ वरसं झाली. मेसेज वाचती तेवढा." सरांनी एक ओळ लिहायला दोन दिवस घेतले. 'अवनी, तुझं खरं होतं. माझं चुकलं. इंगवले सर.' अकराव्या दिवशी उत्तर आलं : 'सर, तुम्हाला कधीपासून?'

ना राग, ना टोमणा. सरांनी फोन छातीवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोसमोर रडले.

त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती : ही चाचणी झाली पाहिजे. पोरगी खोटं बोलत नव्हती हे कागदावर यायला हवं होतं. महिनाभरानं फरहीननं कसंबसं दार उघडून घेतलं ते आण्णा मगदूम यांचं. शिरोलीला त्यांची लोखंडाच्या ओतकामाची फाउंड्री, वय पंचाहत्तर, आणि त्यांचा ट्रस्ट म्हणजे तालमी, शाळा, फुटबॉल स्पर्धा यांचा हक्काचा आधार. आण्णा आणि त्यांचे दोन विश्वस्त अर्धा तास ऐकायला तयार झाले.

"सर, आहात तसे या," फरहीननं बजावलं. "दाढी नको, इस्त्री नको. मी व्हीलचेअर सांगते."

"व्हीलचेअर?" सर म्हणाले. "आण्णांच्या म्होरं? आवो, त्यांच्या हातनं मी फुटबॉलची ढाल घेतलीया."

आणि इथं सरांनी ती चूक केली, जी फक्त पेठेतला माणूसच करील. दहा दिवस त्यांनी ताकद साठवली. बोलले नाहीत, आंघोळ केली नाही, ताटसुद्धा अंथरुणात घेतलं. अकराव्या दिवशी गुळगुळीत दाढी, पांढराशुभ्र शर्ट, वर ब्लेझर. आण्णांच्या बंगल्याचा जिना चढून गेले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. मैदानावर बोलत तसे, छाती काढून, वीस मिनिटं बोलले.

आण्णांनी ऐकून घेतलं आणि विश्वस्तांकडं बघितलं. "काय वो सर, तुमी तर माझ्यापरास तगडं दिसताय की! डॉक्टरीणबाई, आजारी माणूस आणायचा सोडून पैलवान आणलासा व्हय?"

खोली हसली. फरहीननं मान खाली घातली.

"आण्णा, आज मी उभा हाय," सर म्हणाले. "पण उद्या मला उठता येणार न्हाय."

आण्णा आणि विश्वस्त पुन्हा हसले. सर मात्र जागच्या जागी थिजले. वाक्य त्यांचं नव्हतंच. नववीतल्या एका मुलीचं होतं, आणि त्यावर कसं हसतात ते त्यांना चांगलं माहीत होतं. दिवाणखान्याची भिंत धरून ते एवढंच म्हणाले, "मग उद्या सकाळी चहाला या. माझ्या घरी."

चहाचं बोलावणं नाकारायचं नाही, ही आण्णांची जुनी रीत. "येतो की," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आवाज जायच्या आधी सरांनी बायकोला सांगून ठेवलं, "लीला, उद्या मला उठवू नगंस. चपला दारातच ऱ्हाऊ दे."

सकाळी लीलाताईंनी सवयीनं चपला उचलल्या. न्हाणीपर्यंत गेल्या. तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग परत येऊन उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या. दहा वाजता आण्णांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"सर हायत का?"

'भायेर गेल्यात' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. "हायत. आत या."

खोलीत अंधार होता. "काय सर!" आण्णा नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, आणि अंथरुणातला चेहरा मारल्यासारखा आक्रसला. आण्णा दारातच थांबले. कालचा पांढरा शर्ट अजून अंगावरच होता; काढायलाही जमलं नव्हतं. सरांनी नमस्कारासाठी हात उचलला. तो गादीच्या काठापर्यंत आला आणि खाली पडला. लीलाताईंनी चमच्यानं पाणी पाजलं, ते निम्मं गळ्यावर ओघळलं. आण्णा चहाचा कप हातात धरून स्टुलावर बसून राहिले.

बऱ्याच वेळानं रुमालाखालून आवाज आला. एकेक शब्द सुटा.

"माझी... विद्यार्थिनी हाय. मुरगूडला. आठ वरसं... अशी. ती सांगत हुती. मी... पळवलं तिला."

आण्णांनी कप खाली ठेवला. उठून सरांचा लोंबकळणारा हात उचलून गादीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "कास्टिंग साच्यातनं काढताना सगळी चांगलीच दिसत्यात, सर. तडा गार झाल्यावर दिसतोय. पन्नास वरसं ह्यो धंदा करतोय मी, आन् काल गरम माल बघून पास-नापास ठरवत हुतो." बाहेर पडताना त्यांनी लीलाताईंना हात जोडले. फरहीनला त्यांनी गाडीतूनच फोन लावला.

यंत्र आलं, माणसं आली, तीस रुग्णांची चाचणी ठरली. सरांना सावरायला सात आठवडे लागले होते. फरहीननं त्यांना स्पष्ट सांगितलं की या चाचणीनं ते पुन्हा पडतील, कदाचित जास्त दिवस. नाही म्हटलं तरी चालेल. लीलाताई तर नकोच म्हणून हट्टाला पेटल्या. पण अवनी येऊ शकत नव्हती. मुरगूडहून कोल्हापूरपर्यंत गाडीत बसणंच तिला झेपणारं नव्हतं. ज्यांचा आजार सर्वांत मोठा, त्यांना मोजायला यंत्रापर्यंत आणायचं कसं, याचं उत्तर फरहीनकडंही नव्हतं. "तिच्या वाटणीचा मी बसतो," सर म्हणाले, आणि विषय संपवला.

पहिल्या दिवशी ते आठ मिनिटं टिकले. दुसऱ्या दिवशी त्यांना दोघांनी धरून सायकलीवर बसवलं. मास्क लावण्याआधी लीलाताईंच्या हातातला फोन थरथरला. त्यांनी तो सरांच्या डोळ्यांसमोर धरला.

'सर, आज फेऱ्या तुमच्या. मी मोजते.'

सरांनी पाय हलवायला सुरुवात केली, लीलाताईंनी 'सुरू' एवढंच लिहून पाठवलं. एका मिनिटानं फोनवर आलं : 'एक.' नंतर 'दोन.' मुरगूडच्या अंधाऱ्या खोलीत एक बोट दर मिनिटाला उठत होतं, आणि त्यासाठी ती चार दिवस काही न वाचता पडून होती, हे तिच्या आईनं पुढं सांगितलं. 'तीन' आलं तेव्हा सरांचे ओठ पांढरे पडले होते. 'चार.' फरहीन पडद्यावरचे आकडे बघत होती. कालच्या रेषेच्या कितीतरी खाली आजची रेषा चालली होती.

'पाच' आलं आणि सरांचे पाय थांबले. मान हँडलवर टेकली. लीलाताईंनी मास्क काढून त्यांना सावरलं, तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. त्यांनी तो वाचला आणि वाकून सरांच्या कानाशी हळूच सांगितला, कारण डोळे उघडण्याइतकी ताकद आता त्यांच्यात उरली नव्हती.

'बास, सर. आता झाडाखाली बसा.'