हवेतला बोका

उजव्या हाताचं बोट वर करायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि मग अगदी हळू म्हणायचं, "थांबा. अजून त्यानं खाली बघितलेलं नाही."

हा गृहस्थ माझ्या ऑफिसात टेस्टिंगला होता आणि हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला माझ्याच इमारतीत राहायचा. पुण्याचा, चाळिशीचा. बोट असायचं ते टीव्हीवरच्या बोक्यासाठी. उंदरामागे धावताना कडा संपतो, बोका हवेतच चार पावलं पळतो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही. जुनं कार्टून, जेमतेम सात मिनिटांचं. असलं एखादं तुम्हीही पाहिलेलं असणार, आणि अभ्यास टाकून पाहिलेलं असणार.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. तिथल्या आम्हा मराठी लोकांच्या मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं. म्हणून आम्ही शनिवारी मराठीचा वर्ग काढला. पहिल्या शनिवारी बाराखडीला सात मुलं आली, तिसऱ्या शनिवारी एक, तेही उचलून आणलेलं. मग यानं आपल्या घरी वर्ग भरवला, सीडी लावली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः मराठीत समालोचन सुरू केलं. "बोका घसरला. धडपडला. आपटला. आता सपशेल तोंडघशी." दोन महिन्यांत मुलांना धड नाव-गाव सांगता येत नव्हतं, पण पडण्यासाठी अकरा शब्द येत होते. एक आई कुरकुरली, तर हा शांतपणे म्हणाला, "आयुष्यात तेच जास्त लागतात, वहिनी."

त्याची स्वतःची सहा वर्षांची मुलगी मात्र पहिल्या रांगेत बसून नुसती हसायची. मराठीचं एक अक्षर बोलायची नाही. ते त्याला लागायचं. तो दाखवायचा नाही.

मार्चमध्ये प्रोजेक्ट बंद झालं आणि त्याची नोकरी गेली. नोकरीवर तिथं राहण्याचा परवाना, परवान्यावर घर, घरावर मुलीची शाळा. मला हे ठाऊक होतं, त्याच्या बायकोला नव्हतं. तो रोज डबा घेऊन निघायचा, मुलीला सायकलवरून शाळेत सोडायचा आणि पार्कातल्या तळ्याकाठी बसून नोकरीचे अर्ज लिहायचा. एका दुपारी मी तिकडे गेलो. घरून आलेली पोळीभाजी बदकं खात होती.

"घरी सांगून टाका आता," मी म्हणालो.

त्यानं बोट वर केलं. "खाली बघत नाही तोवर पडत नाही रे."

"बोकासुद्धा पडतोच की शेवटी."

"शेवटी," तो म्हणाला आणि आणखी एक पोळी मोडली.

मीही कुणाला सांगितलं नाही. शनिवारी त्याच्याच घरी, त्याच्या बायकोच्या हातचे पोहे चवीनं खात राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

मग एका शनिवारी बोका कड्यावरून सुटला, बोट वर गेलं, मुलं शब्दाची वाट बघू लागली. तेवढ्यात त्याची मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, त्याला खाली बघू दे ना. तो दमलाय."

त्यानं रिमोटनं चित्र थांबवलं. जिच्या एका मराठी वाक्यासाठी एवढा खटाटोप, तिचं पहिलं वाक्य हे निघालं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. दार उघडंच होतं.

"माझी नोकरी गेलीय. सहा आठवडे झाले."

"माहितेय," बायको म्हणाली. "लग्नापासून कारल्याची भाजी तू कधी संपवली नाहीस. हल्ली डबा चाटूनपुसून परत येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं बोट वर होतं ना."

नोकरी काही मिळाली नाही. जूनमध्ये ते पुण्याला परतले. जाताना त्यानं सीडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "वर्ग बंद पाडू नकोस."

तेव्हापासून समालोचन माझ्याकडे आलं. पण घासून घासून सीडीला ओरखडा पडला होता आणि ती नेमकी बोका हवेत असतानाच अडकायची. मी बोट वर करून बसायचो. त्याची फार आठवण यायची. मुलं अकराच्या अकरा शब्द ओरडून मोकळी व्हायची. बोका मात्र आमच्याकडे कधीच पडला नाही.